घुबड कुणीकडे पाहते?

गणपती उठले आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे एका शिक्षिकाबाईंचे पत्र आले. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात त्या विज्ञान शिकवतात. पत्राची सुरुवातच अशी होती : "प्रश्न पाठ्यपुस्तकातला नाही, घरातला आहे, आणि उत्तर दसऱ्याच्या आत हवे आहे."

बाईंचे पणजोबा जी.आय.पी. रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या मागे घरात एक रिव्हॉल्व्हर राहिले. आजोबांकडून ते काकांकडे आले, परवानाही रीतसर काकांच्या नावावर झाला. दरवर्षी खंडेनवमीला विळा, कोयता, पहार आणि शिवणयंत्र यांच्याबरोबर त्याचीही पूजा होते. ते शेवटचे कधी उडवले हे घरात कुणालाच आठवत नाही. या वर्षी काकांना पंचाहत्तर पूर्ण होत होती आणि त्यांच्या मनाने घेतले होते, की दसऱ्याला अंगणात एक तरी बार काढायचा. बाईंनी तीन प्रश्न विचारले होते. हे कुठले आहे? किती जुने आहे? आणि उडवले तर चालेल का?

पहिले दोन प्रश्न इतिहासाचे आणि तिसरा पदार्थविज्ञानाचा, असे वरवर पाहता वाटते. पण तिसऱ्याचे उत्तर पहिल्या दोघांच्या पोटात दडलेले असते, हे आम्हालाही या निमित्ताने नीट कळले.

आम्ही प्रथम फोन करून एवढेच विचारले, की ते रिकामे आहे का? "काका म्हणतात रिकामे आहे," बाई म्हणाल्या. आता हे काही निरीक्षण नव्हे. आपण वर्गात मुलांना सांगतो ना, की 'असे म्हणतात' आणि 'मी पाहिले' यांत फरक आहे, तोच इथे लागू. आम्ही त्यांना सांगितले, की त्याला हात लावू नका, चाप ओढून पाहू नका, मुलांना दाखवायला शाळेत तर मुळीच नेऊ नका. काकांनी परवाना घेऊन स्वतः ते एखाद्या परवानाधारक बंदूक विक्रेत्याच्या कारखान्यात आणावे, आम्ही तिथे येतो.

तिथले मिस्त्री साठीचे होते, फार बोलणारे नव्हते. त्यांनी नळी भिंतीकडे, वाळूच्या पेटीच्या दिशेने धरली, वरची कडी उचलली आणि रिव्हॉल्व्हर मधोमध बिजागरीवर मोडून उघडले. फिरत्या चक्रीत पाच कोठे होते. चार रिकामे. पाचव्यात हिरवट पडलेले पितळ दिसत होते. मिस्त्रींनी भिंग लावून पाहिले आणि म्हणाले, "हे उडालेलं नाही. टोपीवर खूण नाही."

काका खुर्चीत बसले. त्यांची नातवंडे दरवर्षी या वस्तूला हळदकुंकू वाहत होती. ते काडतूस मिस्त्रींनी कसे सोडवले ते आम्ही येथे लिहीत नाही, कारण ते घरी करण्याचे काम नव्हे. बाहेर आले तेव्हा त्याच्या बुडावर अक्षरे वाचता आली : यू.एम.सी., आणि खाली पॉइंट बत्तीस, स्मिथ अँड वेसन. यू.एम.सी. म्हणजे अमेरिकेतली युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनी. १९१० नंतरच्या एकदोन वर्षांत ती रेमिंग्टनमध्ये विलीन झाली आणि पुढे शिक्क्यात रेमिंग्टनचे नाव जोडले गेले. म्हणजे हे काडतूस शंभर वर्षांहून जुने. पण काडतुसाचे वय म्हणजे रिव्हॉल्व्हरचे वय नव्हे. जुन्या बंदुकीत नवे काडतूस जाते, आणि नव्या बंदुकीत जुनेही जाते.

आता रिव्हॉल्व्हर वाचायला घेतले. नळीच्या वरच्या कण्यावर बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. पहिलीत कंपनीचे नाव : आयव्हर जॉन्सन्स आर्म्स अँड सायकल वर्क्स, फिचबर्ग, मॅसॅच्युसेट्स. आयव्हर जॉन्सन हा नॉर्वेत १८४१ साली जन्मलेला कारागीर. अमेरिकेत जाऊन त्याने स्वस्त आणि बऱ्यापैकी हत्यारे बनवण्याचा धंदा काढला, आणि १८९१ मध्ये कारखाना फिचबर्गला हलवला. नावात सायकल का, असे बाईंनी विचारले. त्या दशकात सायकलीचे वेड होते, आणि पोलादी नळी अचूक बनवता येणाऱ्या कारखान्याला सायकलीची चौकट बनवणे जड नव्हते. इंग्लंडातल्या बी.एस.ए. या बंदूक कंपनीने हेच केले, पुढे मोटरसायकलीही बनवल्या.

दुसऱ्या ओळीत तारखा होत्या : ६ एप्रिल ८६, १५ फेब्रुवारी ८७, १० मे ८७, २५ ऑगस्ट ९६. या तारखांवरून काकांच्या घरात एक समजूत रूढ झाली होती, की हे रिव्हॉल्व्हर १८८६ चे आहे. ही चूक इतकी सर्रास होते, की ती वर्गात मुद्दाम करून दाखवावी. या तारखा पेटंटांच्या आहेत, बनावटीच्या नाहीत. वस्तूवर जी सर्वांत अलीकडची पेटंटाची तारीख असेल, तिच्या आधी ती वस्तू बनलेली असू शकत नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. म्हणजे हे ऑगस्ट १८९६ नंतरचे. नंतर म्हणजे किती नंतर? कंपन्या जुन्या पेटंटांच्या तारखा पुढे वर्षानुवर्षे कोरत राहत. तळाची मर्यादा मिळाली, वरची अजून मिळायची होती.

काकांना या तारखांत फारसा रस नव्हता. त्यांनी लहानपणापासून वडिलांच्या तोंडून या हत्याराचे नाव ऐकले होते : 'सेफ्टी ऑटोमॅटिक'. ते म्हणाले, "अहो, नावातच सेफ्टी आहे. मग भीती कसली?"

काकांचा हा प्रश्न बाळबोध नव्हता. या नावामागे खरोखरच एक सुंदर कल्पना आहे. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याचे टोक थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेले असे. हत्यार हातातून पडले आणि घोड्यावर आपटले, की बार उडे. म्हणून सावध माणसे घोड्याखालचा कोठा रिकामा ठेवीत. १८९४ मध्ये आयव्हर जॉन्सन कंपनीने बाजारात आणलेल्या या नमुन्यात घोडा आणि टोचणी वेगळ्या केल्या होत्या. दोहोंच्या मध्ये एक पोकळी. चाप पूर्ण ओढला, तरच एक पोलादी पट्टी वर सरकून त्या पोकळीत येते आणि घोड्याचा ठोका टोचणीपर्यंत पोचवते. चाप सोडला, की पट्टी खाली. मग घोड्यावर हातोडा मारलात तरी बार होणार नाही. कंपनी जाहिरातीत हेच सांगे, की मारा खुशाल हातोडा! ही पट्टी आजच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये आहे. 'ऑटोमॅटिक' हा शब्द मात्र फसवा. हत्यार उघडले, की रिकामी काडतुसे आपोआप बाहेर ढकलली जातात, एवढाच त्याचा अर्थ. आपोआप गोळ्या सुटतात असा नव्हे.

तेव्हा सेफ्टी आहे, पण ती हत्यार पडण्यापासूनची आहे. आतल्या दारूचा जोर धातूला पेलेल की नाही, याच्याशी त्या पट्टीचा काही संबंध नाही. काकांना हे पटायला थोडा वेळ लागला. नावे मनात फार खोल बसतात.

याच नमुन्याच्या एका रिव्हॉल्व्हरने अमेरिकेचा इतिहास बदलला, तो प्रसंग येथे सांगायलाच हवा. १९०१ साली बफेलो शहरात मोठे प्रदर्शन भरले होते. लिऑन चोल्गोश नावाच्या अराजकतावाद्याने २ सप्टेंबरला साडेचार डॉलरना एक पॉइंट बत्तीसचे आयव्हर जॉन्सन विकत घेतले. ६ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली लोकांशी हस्तांदोलन करत होते. चोल्गोश हाताला रुमाल गुंडाळून रांगेत उभा राहिला. रुमालाआड रिव्हॉल्व्हर होते. त्याने दोन गोळ्या झाडल्या. एक वरवर लागली, दुसरी पोटात शिरली. शस्त्रक्रिया करणाऱ्यांना ती गोळी सापडली नाही, आणि १४ सप्टेंबरला मॅकिन्ली वारले. विज्ञानाच्या शिक्षकाला चुटपुट लावणारी गोष्ट अशी, की त्याच प्रदर्शनात क्ष-किरणांचे यंत्र मांडलेले होते आणि गोळी शोधायला ते वापरले गेले नाही. ते रिव्हॉल्व्हर बफेलोच्या इतिहास संग्रहालयात जपून ठेवले आहे. त्याच्या मुठीवर घुबडाचे डोके आहे.

घुबड हे कंपनीचे बोधचिन्ह. काकांच्या रिव्हॉल्व्हरच्या काळ्या मुठीवरही काहीतरी उठावाचे गोल होते, पण ते ओळखू येत नव्हते. साठसत्तर खंडेनवम्यांचे हळदकुंकू आणि खोबरेल तेल त्यावर बसून त्याचा पापुद्रा झाला होता. बाई हळूच म्हणाल्या, की आजी सांगायच्या, तिथे अशुभ पाखरू आहे, ते कुंकवाने झाकलेलेच बरे. मिस्त्रींनी ओल्या फडक्याने हलकेच पुसायला सुरुवात केली. ते पुसत होते तोवर आम्ही काकांना दारूची गोष्ट सांगितली. वाचकांनाही तीच सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे.

शेकडो वर्षे बंदुकीची दारू म्हणजे काळी दारू. वजनाने सोरा ७५ भाग, कोळसा १५, गंधक १०. ही जळते तेव्हा जे तयार होते त्यातले निम्म्याहून जास्त घनरूप असते. तोच तो दाट धूर, आणि तीच नळीत बसणारी राख. वायू कमी, म्हणून दाब बेताचा. शिवाय ही दारू मोकळ्यावर जळो की कोंडलेली, तिच्या जळण्याच्या वेगात फार मोठा फरक पडत नाही. १८४५-४६ च्या सुमारास शोनबाइनने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज बनवले. ते भलतेच जोरकस निघाले, इतके की बंदुका फुटू लागल्या. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने ईथर आणि अल्कोहोल यांत ते कालवून, लाटून, त्याचे तुकडे पाडले आणि त्याला शिस्त लावली. ही बिनधुराची दारू. जवळजवळ सगळीच वायू होते, आणि तेवढ्याच वजनात काळ्या दारूच्या सुमारे तिप्पट काम देते. आणखी एक गोष्ट तिच्या अंगी आहे. भोवतीचा दाब वाढला, की ती अधिक वेगाने जळते. वेग वाढला, की दाब आणखी वाढतो. कोंडलेल्या जागेत हे चक्र कुठवर जाईल, ते दारूचे प्रमाण आणि गोळी किती लवकर पुढे सरकते यांवर ठरते. सुरुवातीच्या काळात काही लोकांनी काळ्या दारूच्या मापानेच, म्हणजे तितक्याच आकारमानाची नवी दारू भरली आणि बोटे गमावली.

पॉइंट बत्तीस स्मिथ अँड वेसन हे काडतूस १८७८ चे, काळ्या दारूसाठी जन्मलेले. पुढे त्याच मापाचे काडतूस बिनधुराच्या दारूचे मिळू लागले. बाहेरून दोन्ही सारखीच. काडतूस बदलले म्हणून घराघरांतली रिव्हॉल्व्हरे बदलली नाहीत. तेव्हा कारखानदारांपुढे प्रश्न आला : धातू, स्प्रिंगा, कड्या, सगळे नव्या जोरासाठी पुन्हा आखायचे का? कोल्टसारख्या मोठ्या कंपनीनेही आपल्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरला बिनधुराच्या दारूची हमी दिली ती १९०० च्या सुमारास. आयव्हर जॉन्सनने १९०९ मध्ये दिली.

या कंपनीच्या 'सेफ्टी ऑटोमॅटिक'च्या तीन पिढ्या आहेत. पहिली १८९४-९५ ची, तिच्या वरच्या कडीला एकच खुंटी. दुसरी १८९६ ते १९०८, कडीला दोन खुंट्या. तिसरी १९०९ पासून १९४१ पर्यंत, खुंट्या दोनच, पण आतली रचना बदललेली आणि बिनधुराच्या दारूसाठी आखलेली. आमच्यापुढच्या कडीला दोन खुंट्या होत्या. म्हणजे दुसरी किंवा तिसरी. लांबून पाहिले तर दोघी जुळ्या बहिणी. एकीत नवे काडतूस घालता येते, दुसरीत घालू नये.

त्यांना वेगळे ओळखण्याची एक खूण संग्राहकांना ठाऊक असते. काळ्या दारूच्या पिढ्यांत मुठीवरचे घुबड नळीकडे, म्हणजे समोर पाहते. बिनधुराच्या पिढीत त्याची मान फिरवली आहे, ते मागे, झाडणाऱ्याकडे पाहते.

मिस्त्रींनी फडके बाजूला ठेवले. काका उठून दिव्याखाली आले. कुंकू निघाले होते, चोच दिसत होती. घुबड नळीकडे पाहत होते.

काकांनी एक चांगला मुद्दा काढला. मूठ तर एका स्क्रूवर बसते, कधीतरी कुणी बदलली असेल तर? बरोबर. एक खूण म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून मिस्त्रींनी मूठ सोडवली. आत घोड्याला जोर देणारी स्प्रिंग असते. १९०९ नंतरच्या पिढीत ती वेटोळ्याची आहे. इथे पोलादाची सपाट, वाकवलेली पट्टी होती, बैलगाडीच्या कमानीची धाकटी बहीण शोभेल अशी. मूठ बदलता येते, पण आतला सांगाडा त्या पट्टीसाठीच घडवलेला होता. पेटंटाची शेवटची तारीख, दोन खुंट्या, पट्टीची स्प्रिंग आणि घुबड, चौघांची साक्ष जुळली. हे दुसऱ्या पिढीचे, १८९६ ते १९०८ मधले, काळ्या दारूसाठी बनलेले रिव्हॉल्व्हर होते.

युरोपातले हत्यार असते तर शोध सोपा झाला असता. इंग्लंडात लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. तिथे प्रत्येक नळी मुद्दाम जादा दारूने उडवून पाहतात आणि टिकली तरच शिक्का मारतात. बिनधुराच्या दारूने पारखलेल्या हत्यारावर १९०४ नंतर 'एन.पी.' ही अक्षरे दिसतात. बेल्जियमच्या लिएजच्या शिक्क्यात लंबवर्तुळात 'ई.एल.जी.' असते, १८९३ नंतर त्यावर मुकुट चढला. वाचकांच्या घरी जुनी दुनळी असेल तर हे शिक्के पाहता येतील. अमेरिकेत मात्र असे सक्तीचे परीक्षागृह कधी नव्हतेच. तिथे कंपनीची हमी हाच शिक्का, आणि या पिढीला ती हमी नव्हती.

तरीही काका म्हणाले, "जुनं लोखंड आहे हो, भक्कम असतं." हे वाक्य आपण पितळी भांड्यांपासून वाड्याच्या कड्यांपर्यंत सगळीकडे ऐकतो. म्हणून आम्ही पाठीमागच्या पुठ्ठ्यावर एक हिशेब मांडला. तो अकरावी-बारावीच्या मुलांना सहज जमेल.

समजा कोठ्याची आतली त्रिज्या ४ मिमी आणि भिंतीची जाडी २ मिमी. आत दाब आला, की भिंत परिघाच्या दिशेने ताणली जाते. पातळ भिंतीच्या सूत्राने हा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी, येथे दाबाच्या दुप्पट. भिंत तितकी पातळ नसल्याने नेमके सूत्र वापरले तर आतल्या पृष्ठावर २.६ पट येतो. आजच्या पॉइंट बत्तीस लाँग काडतुसाची अमेरिकेत ठरवलेली दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला १५,००० पौंड आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोग्रॅमच्या थोडी वर. वातावरणाच्या हजारपट! त्याच्या २.६ पट म्हणजे २,६०० च्या पुढे. साधे मृदू पोलाद २,५०० च्या आसपास कायमचे ताणू लागते. आजच्या मिश्रपोलादाची चक्री हे सहज पेलते. सव्वाशे वर्षांपूर्वीची, साडेचार डॉलरच्या हत्याराची चक्री पेलेल का? हा हिशेब ढोबळ आहे, दाब क्षणभरच टिकतो, हे खरे. पण ज्या पुलावर गाडी न्यायची त्याचा हिशेब इतका काठावर आला, तर आपण गाडी नेणार नाही.

कडीचे पाहा. काडतुसाच्या बुडाचे क्षेत्रफळ सुमारे अर्धा चौरस सेंटिमीटर. हजार किलोग्रॅमचा दाब म्हणजे मागे ढकलणारे बल पाचशे किलोग्रॅमचे. या जातीचे रिव्हॉल्व्हर मधोमध उघडणारे, तेव्हा तो हिसका शेवटी कडी आणि बिजागरी यांच्यावर येतो. मिस्त्रींनी ते मिटून नळी किंचित हलवून दाखवली. बिजागरीत खेळ होता. चक्रीही अंमळ डुलत होती. कोठा आणि नळी एका रेषेत आले नाहीत, तर गोळीची कड नळीच्या काठावर तासली जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात, शेजारी उभ्या असलेल्याच्या डोळ्यापर्यंत. पूर्वी दहा वेळा उडवले तेव्हा काही झाले नाही, हा युक्तिवाद इथे उलटा वापरायचा असतो. ते दहा हिसके याच बिजागरीने खाल्ले आहेत.

नळीत दिवा धरला तेव्हा आतली वळणे खड्ड्यांनी भरलेली दिसली. जुन्या काडतुसांच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. ते उडाले, की पोटॅशियम क्लोराइड उरते. मिठाचाच हा भाऊबंद, हवेतले पाणी ओढतो आणि गंज चढवतो. तो तेलाने जात नाही, पाण्याने धुवावा लागतो. घरात दरवर्षी वरून खोबरेल चोपडले जाई. थंडीत ते थिजते, जुने झाले की चिकट होते, आणि गंज त्याच्याखाली निवांत राहतो.

आता काडतुसे. शतकभर जुन्या काडतुसाचे काय होईल हे कुणी सांगू शकत नाही, आणि धोका नेमका तोच आहे. बिनधुराची दारू हळूहळू विघटित होते, त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड विघटन आणखी वाढवतात. टोपी दुर्बळ झालेली असेल, तर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. आवाज फुसका येतो, माणूस वैतागून पुन्हा चाप ओढतो, आणि दुसरी गोळी पहिलीच्या पाठीवर आदळते.

काकांनी तोवर पिशवीतून एक छोटी पेटी काढली. परवान्यावर घेतलेली पाच नवी काडतुसे. बुडावर के. आणि एफ., म्हणजे आपल्या पुण्याजवळच्या खडकीची. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. काडतुसे उत्तम होती, फक्त ती पॉइंट बत्तीस 'लाँग' होती. १८९६ मध्ये आलेले हे लांब भावंड. जाडी तीच, पण पितळी नळकांडे साडेपंधरा मिलिमीटरऐवजी सुमारे साडेतेवीस. ते या चक्रीत पुरते मावत नव्हते, टोक पुढे राहत होते. "आमच्या तिकडे एक जण म्हणाला, टोक कानशीने घासलं की बसेल," काका म्हणाले. मिस्त्रींनी तोपर्यंत कुणावर आवाज चढवला नव्हता. तेव्हा चढवला.

कायद्याचा भाग आम्ही थोडक्यात सांगितला. लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ मध्ये, शस्त्र कायदा आला तेव्हापासून आपल्याकडे परवान्याची ही वही आहे. आजचा कायदा १९५९ चा. त्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार समारंभात बेफिकिरीने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, हे त्यामागचे साधे पदार्थविज्ञान. वारसाने आलेल्या, परवाना नसलेल्या हत्याराबद्दल मात्र वेगळे सांगायला हवे. माळ्यावर असे काही सापडले, तर ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. त्याची तरतूद कायद्यातच, एकविसाव्या कलमात आहे.

काकांनी पाच नवी काडतुसे आणि ते एक जुने तिथेच जमा केले, वहीत नोंद करून घेतली. निघताना त्यांनी मिस्त्रींना विचारले, की दादा असताना, म्हणजे सन चाळीसच्या सुमारास, हे भरलेलेच ट्रंकेत होते म्हणायचे का? मिस्त्री म्हणाले, "त्याच्याही आधीपासून."

दसऱ्यानंतर बाईंचे दुसरे पत्र आले. सोबत पाटावर मांडलेल्या पूजेचे छायाचित्र होते. विळा, कोयता, पहार, शिवणयंत्र, आणि उघडून ठेवलेले रिव्हॉल्व्हर, पाचही कोठ्यांतून आरपार पाटाचे लाकूड दिसत होते. मूठ स्वच्छ होती. घुबड कोयत्याकडे पाहत होते. आजी गेल्यापासून पूजा काकू करतात, त्यांनी कुंकू या वेळी नळीवर लावले होते, एकच बोट.